दुष्काळाची मोजदाद व सरकारी मदत

(दुष्काळ-निवारण समितीच्या विद्यमानें मारेगांव येथें भरलेल्या सभेंत झालेलें भाषण. समितीचें विनंतिपत्र व अहवाल यांसोबत तें छापावें अशी सभासदांची इच्छा पडल्यावरून येथें दिलें आहे.)



समितीच्या चिटणीसांनीं आतांच अहवाल वाचून दाखविला. धान्य किती जमलें, कडबा किती वांटला, कोणत्या पोडावर कोणत्या दिवशीं गाडी गेली, हें सर्व आपण ऐकलें. ज्या दात्यांनीं हात सैल सोडला त्यांचे आभार अध्यक्षमहाराज मानतीलच. माझ्याकडे जें काम सोंपविलें आहे तें निराळें आहे. दुष्काळ मोजतात कसा, आणि त्या मोजमापावरून सरकारचें धोरण ठरतें कसें, याविषयीं चार शब्द बोलावे अशी मला आज्ञा झाली आहे. विषय रुक्ष आहे, हें मी आधींच कबूल करतों. भुकेल्याच्या दारांत उभें राहून आंकड्यांची गोष्ट काढणें हें वरवर पाहतां निर्दयपणाचें दिसतें. परंतु तीस वर्षें वकिली करून मला एक गोष्ट पक्की कळली आहे, ती ही कीं, जें दुःख कागदावर आलें नाहीं, तें दरबारीं घडलेंच नाहीं असें धरलें जातें.

याचा धडा मला पुस्तकांतून मिळाला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं या भागांतील एका गांवची मंडळी माझ्याकडे आली. पीक डोळ्यांदेखत गेलें होतें, आणि गांवची पैसेवारी मात्र पन्नासांच्या वर लागली होती. त्यांच्यातर्फें अर्ज मीं लिहिला. भाषा मोठी सुरेख साधली आहे असें मला तेव्हां वाटलें. करपलेलीं शेतें, हंबरणारीं गुरें आणि शेतकऱ्याचे अश्रु यांची त्यांत उणीव नव्हती. ज्या अधिकाऱ्यांपुढें तो गेला त्यांनीं तो शांतपणें वाचला आणि तीन प्रश्न विचारले. पावसानें कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत दडी मारली होती? कापणीचा प्रयोग कोणत्या गटांत झाला, व त्या वेळीं गांवचें कोण हजर होतें? पिकाची गांवानें स्वतः ठेवलेली एखादी नोंद आहे काय? एकाही प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. गांवकरी एकमेकांकडे पाहूं लागले आणि मी खालीं पाहूं लागलों. अर्ज निकालांत निघाला, आणि त्या वर्षीं त्या गांवाला सवलत मिळाली नाहीं. दोष त्या अधिकाऱ्यांचा नव्हता. दिवाणी दाव्यांत मी पुराव्यावांचून एक पाऊल टाकीत नाहीं. एका सबंध गांवाच्या पोटाचा दावा मात्र मीं विशेषणांवर चालविला होता. तें शल्य अद्याप गेलेलें नाहीं, आणि आजचें माझें भाषण त्या चुकीचें प्रायश्चित्त आहे असें समजावें.

पैसेवारी हा शब्द आपणां सर्वांस ठाऊक आहे. ती काढतात कशी हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें. रुपयाचे सोळा आणे होते तोंवर तिला आणेवारी म्हणत. आणे गेले, पैसे आले, रीत तीच राहिली. गांवांतील कांहीं शेतें निवडावयाचीं, त्यांत ठराविक मापाचा तुकडा दोरीनें आंखावयाचा, त्यांतील पीक कापून वजन करावयाचें, आणि तें प्रमाण उत्पन्नाच्या शेंकडा किती भरतें हें पाहावयाचें. प्रमाण उत्पन्न शंभर धरून वजन पंचेचाळीस भरलें तर पैसेवारी पंचेचाळीस. पन्नासांच्या खालीं आली म्हणजे गांव टंचाईच्या यादींत जातें. मग जमीन-महसुलांत सूट, सहकारी कर्जाची फेररचना, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलांत ३३.५ टक्के सवलत, मुलांच्या परीक्षा-फीची माफी, पाण्याचे टँकर, रोजगार हमीच्या कामांचे सैल नियम, हीं सारीं दारें उघडतात. आंकडा एकावन्न आला तर तींच दारें बंद राहतात. एका गांवाचें वर्ष दोन पैशांच्या फरकावर तरतें किंवा बुडतें, इतका तो आंकडा जबर आहे. त्याच्याकडे पाठ फिरवून आपल्याला चालावयाचें नाहीं.

हें मोजमाप सरकारनें आपखुशीनें आरंभिलें असें मात्र कोणी समजूं नये. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं कामावरील पुरुषाची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी उतरविली. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉक्टर कॉर्निश यांनीं तुरुंगांतील शिधा व कैद्यांची प्रकृति यांचे दाखले देऊन दाखविलें कीं, एवढ्या अन्नावर कष्टाचें काम करणारा माणूस जगत नाहीं. इकडे मुंबई इलाख्यांत मजुरांनींच कामें सोडून विरोध केला. वाद दयेचा नव्हता; एका माणसाला किती अन्न लागतें या मोजणीचा होता. त्याच सुमारास दादाभाई नौरोजी यांनीं सरकारच्याच कागदांवरून हिशेब मांडला कीं, हिंदुस्थानांत दरडोई उत्पन्न वर्षास सुमारें वीस रुपये पडतें, आणि तुरुंगांतल्या कैद्याच्या खाण्याकपड्यालाही याहून अधिक खर्च येतो. सरकारचा आंकडा सरकारच्याच पुढ्यांत ठेवून जाब मागण्याची विद्या आपल्याकडे तेव्हांपासूनची आहे.

पुण्याच्या सार्वजनिक सभेनें हीच वाट धरली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि त्यांचे सहकारी यांनीं जागोजागच्या आपल्या माणसांकडून पिकें, भाव, पाणी, गुरें यांची हकीकत मागविली आणि ती सरकारकडे वारंवार पाठविली. पुढें स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं दुष्काळ-आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १८८० सालीं आला आणि १८८३ सालीं दुष्काळाची संहिता तयार झाली. पाऊस, भाव, लोकांचें गांव सोडून जाणें, चोऱ्यामाऱ्यांची वाढ, यांवर नजर ठेवून संकट आधीं ओळखावें, असा तींत दंडक होता. १८९६ सालीं टिळकांनीं 'केसरी'तून त्याच संहितेचे नियम शेतकऱ्यांस सोप्या भाषेंत समजावून सांगितले, आणि सभेचे कार्यकर्ते तेंच सांगत गांवोगांव फिरले. कायद्यानें जें मिळावयाचें तें मागण्यांत भीक नाहीं, ही गोष्ट तेव्हां लोकांस प्रथम कळली. सरकारला ती रुचली नाहीं. १८९७ सालीं त्यानें सभेची मान्यता काढून घेतली. त्यावरूनच तिच्या कामाचें वजन कळून येतें.

आपला हा भाग त्या काळीं कोठें होता? आज ज्यास यवतमाळ जिल्हा म्हणतात, त्याचें नांव १९०५ पर्यंत वणी जिल्हा असें होतें. १८९९-१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाडाला जें हाणलें, तें १९०१ च्या खानेसुमारींत उमटलें. १८९१ शीं ताडून पाहतां वऱ्हाडची लोकसंख्या वाढण्याऐवजीं शेंकडा सुमारें पांचांनीं घटली होती. घराघरांतून उठलेल्या आक्रोशांपैकीं आज आपल्या हातीं उरलें आहे तें एवढेंच.

उलट, जेथें आंकडा जाहीर करावयाचाच नाहीं असें ठरतें, तेथें काय होतें तें १९४३ सालीं बंगाल्यांत दिसलें. संहिता होती, तरी तिच्याखालीं दुष्काळ जाहीर झाला नाहीं. चौकशी-आयोगानें पुढें मृतांचा अंदाज पंधरा लाख दिला. अमर्त्य सेन यांचा अंदाज त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. सेन यांनीं १९८१ च्या आपल्या ग्रंथांत आणखी एक गोष्ट दाखविली, ती व्यापारी बंधूंनीं मनावर घेण्यासारखी आहे. त्या वर्षीं प्रांतांत धान्य १९४१ पेक्षां कमी नव्हतें. भाव चढले, मजुरी चढली नाहीं, आणि मजूर, नावाडी, कोळी हे भरल्या कोठारांच्या सांवलींत मेले. धान्य किती आहे एवढेंच मोजणारा फसला. मजुरीच्या एका दिवसांत किती धान्य येतें हें मोजावयास हवें होतें. तो आंकडा कचेरींत नसतो. तो दुकानदाराच्या रोजमेळांत असतो.

महाराष्ट्रानें हा धडा १९७२ च्या दुष्काळांत बराचसा गिरविला. १९७३ च्या मे महिन्यांत सुमारें पन्नास लक्ष माणसें सरकारी कामांवर होतीं. किती लोक उपाशी आहेत याचें उत्तर हजेरीपटावर मिळत होतें. वि. स. पागे यांनीं जी रोजगार हमीची कल्पना धरून ठेवली होती, तिला १९७७ सालीं कायद्याचें रूप आलें, आणि २००५ सालीं देशानें ती उचलली. मागेल त्यास काम, हें जसें पोटाचें साधन आहे तसेंच तें दुष्काळाचें मापही आहे. परंतु मागणी लिहून घेतली तरच. तोंडी मागितलेलें काम हजेरीपटावर चढत नाहीं, आणि पावती न देणारा माणूस मोजमापच बुडवितो.

आतां दोरीची गोष्ट सांगतों. स्वातंत्र्याच्या आधीं, १९४० नंतरच्या वर्षांत, पिकाचा अंदाज कसा काढावा याविषयीं दोन मोठ्या संख्याशास्त्रज्ञांत वाद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचें म्हणणें, लहान लहान पुष्कळ तुकडे कापावे. आपल्या सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, तुकडा फार लहान असला म्हणजे कडेवरचीं झाडें आंत धरलीं जातात आणि उत्पन्न आहे त्याहून अधिक दिसतें. कोणी लबाडी केलेली नसते. केवळ दोरी आंखूड असते, आणि कागदावर पीक वाढतें. सुखात्मे यांचें दुसरें आग्रहाचें म्हणणें असें कीं, शेत चिठ्ठीनें निघालें पाहिजे, सोईनें निवडलेलें नसावें.

जमीनदार मंडळींची क्षमा मागून येथें एक गोष्ट बोलतों. रस्त्याकडेचें, विहिरीखालचें, चांगलें कसलेलें शेत दाखविण्यांत आपणांस भूषण वाटतें, आणि तें साहजिक आहे. परंतु आपल्या ओलिताच्या तुकड्यांत दोरी पडली कीं, मुरमाड उतारावरच्या कोरडवाहू शेजाऱ्याची पैसेवारी वर चढते. आपलें कांहीं जात नाहीं. त्याची सवलत जाते. चिठ्ठींत जें शेत निघेल त्यांतच दोरी पडावी, हा आग्रह आपण धरला पाहिजे. कारण गांवांत आपला शब्द ऐकला जातो.

अलीकडे मोजण्याचीं साधनें पुष्कळ वाढलीं आहेत. सर्वोच्च न्यायालयानें ११ मे २०१६ रोजीं स्वराज अभियानाच्या खटल्यांत निकाल देऊन दुष्काळाची जुनी नियमावली सुधारण्यास सांगितलें. त्याप्रमाणें त्या वर्षअखेर केंद्राची नवी संहिता आली, आणि २०१७ सालीं महाराष्ट्रानें ती घेतली. पावसाची तूट, तीन-चार आठवड्यांचा खंड, पेरणीचें क्षेत्र, जमिनींतील ओल, उपग्रहांतून दिसणारी हिरवळ, यांवरून तालुका प्रथम निवडावयाचा, आणि मग शेंकडा दहा गांवें चिठ्ठीनें काढून शेतांत जाऊन खात्री करावयाची. राज्यांतील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत आपोआप नोंद करणारीं पर्जन्यमापकें बसलीं आहेत. हें सर्व उत्तम आहे. परंतु याच्या मर्यादा आपण जाणल्या पाहिजेत. २०२३ सालीं या संहितेनें राज्यांतील ४० तालुके दुष्काळी ठरले. थोड्याच दिवसांनीं सरासरीच्या पाऊण हिश्शाहून व ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस, असें निराळें माप लावल्यावर आणखी १,०२१ मंडळें यादींत आलीं. आभाळ एकच, माप बदललें, आणि लाखों शेतकरी रेघेच्या अलीकडचे पलीकडे झाले. आपल्या जिल्ह्यांत वर्षाचा पाऊस सरासरी सुमारें ९०० मिलिमीटर. तो चार दिवसांत कोसळला आणि मग महिनाभर उघडला, तरी वर्षाची बेरीज बरोबर येते. बेरीज बरोबर आणि बोंडें गळालेलीं! शिवाय मंडळांत माप बहुधा एक, गांवें अनेक. मापाच्या डोक्यावर सर आली ती दूरच्या गांवावर आली असेलच असें नाहीं.

शब्दांचाही हिशेब ठेवावा लागतो. १९६३ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें कायदा करून राज्यांतील कायद्यांतून दुष्काळवाचक 'फॅमिन' हा इंग्रजी शब्दच काढून टाकला आणि त्या जागीं टंचाईचा शब्द घातला. मदतीची जबाबदारी यामुळें नाहींशी झाली असें नव्हे. परंतु शब्द हलका झाला कीं ती टाळणेंही हलकें होतें, हें वकिलास सांगावें लागत नाहीं.

आतां सर्वांत जड गोष्ट. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें आपल्या जिल्ह्याचें नांव देशभर गेलें. मुंबई उच्च न्यायालयानें विचारणा केल्यावर टाटा समाजविज्ञान संस्थेनें २००५ सालीं व इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेनें २००६ सालीं अहवाल दिले. त्याच वर्षीं पश्चिम विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतील सतरा लाखांहून अधिक शेतकरी कुटुंबांची पाहणी झाली, आणि जुलैमध्यें पंतप्रधानांनीं या जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोट रुपयांची योजना जाहीर केली. संशोधनानें धोरण हलतें, याचा हा ढळढळीत दाखला. पण त्याच योजनेंत, ज्याच्या अंगणांत चारा नाहीं त्याच्या दारीं संकरित गाय बांधली गेली, अशी तक्रार सर्वत्र झाली. घर मोजलें, घरच्या माणसाला विचारलें नाहीं.

आणि मदतीचा नियम पाहा. मृताच्या कुटुंबास एक लाख रुपये मिळावयाचे, तर कर्ज बँकेचें, सोसायटीचें किंवा परवानाधारक सावकाराचें असलें पाहिजे, असा निकष होता. पुष्कळ कर्ज त्यांपैकीं कोणाचेंच नसतें. तें ओळखीचें, दुकानाच्या उधारीचें, बियाणें-खताच्या खात्यावरचें, पावतीवांचूनचें असतें. अशा घरची विधवा कचेरींत गेली कीं तिच्या नवऱ्याचा मृत्यु 'अपात्र' ठरतो. व्यापारी बंधुहो, मी कोणाकडे बोट दाखवीत नाहीं. परंतु आपल्या दुकानची उधारी पावतीवर असती, तर कोणा बाईच्या हातीं निदान पुरावा तरी राहिला असता. २०१४ च्या सावकारी कायद्यानें परवाना व पावती हीं बंधनकारकच आहेत. आज मी तीं कायद्याच्या नांवानें न मागतां माणुसकीच्या नांवानें मागतों.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, लोक उपाशी आहेत आणि तुम्ही वह्या काढावयास सांगतां. उत्तर सोपें आहे. समितीची गाडी आंकड्यासाठीं एक दिवसही थांबणार नाहीं, थांबूं नये. पण आपला फंड किती? आपण सर्वांनीं मिळून दिलें तरी तें एका हंगामाला पुरतें. सरकारच्या मदतीचा ओघ त्याच्या कितीतरी पट मोठा आहे, आणि तो आपल्या गांवाकडे वळवावयाचा तर चारी नोंदींनींच खणावी लागते. म्हणून समितीपुढें मी चार सूचना ठेवतों.

पहिली, फंडांतील शंभर रुपयांमागें पांच रुपये मोजदादीसाठीं राखून ठेवावे. त्यांतून गांवोगांव साधें पर्जन्यमापक आणि एक वही द्यावी, व शाळेंतील शिक्षकांनीं किंवा शिकल्यासवरल्या मुलामुलींनीं रोज सकाळीं नोंद करावी. दुसरी, प्रत्येक दुकानदारानें ज्वारी, तूरडाळ, कडबा व कापूस यांचे भाव, चालू मजुरी, आणि गहाण पडलेल्या दागिन्यांची केवळ संख्या, नांवें न देतां, दर महिन्यास समितीस कळवावी. तिसरी, पीककापणीच्या दिवशीं प्रत्येक गांवीं समितीचीं दोन माणसें हजर असावीं, त्यांत एक कोरडवाहू शेतकरी व एक बाई असावी. चौथी, ज्यांच्या नांवें सातबारा नाहीं त्यांची यादी निराळी करावी: मक्त्याबटईनें कसणारे, मजूर, सासऱ्याच्या नांवावरच्या शेतांत राबणाऱ्या सुना, आणि कोलाम पोडांवरचीं कुटुंबें. सरकारचें मोजमाप सातबाऱ्यापाशीं थांबतें. आपलें तेथून सुरू झालें पाहिजे.

एक पथ्य मात्र कडक पाळावें. आंकडा फुगवूं नये. पैसेवारी साठ असतांना चाळीस सांगणारें गांव पुढल्या वर्षीं खरोखर तीसवर आलें, तरी त्याचें कोणी ऐकत नाहीं. आपली वही एकदां खोटी ठरली तर ती कायमची खोटी. खरी ठेवली, तर ती कचेरींत चालेल, न्यायालयांत चालेल, आणि आपल्या नातवंडांच्याही उपयोगीं पडेल.

त्या गांवची मंडळी अजून मला बाजारच्या दिवशीं भेटतात. रामराम करतात, तो अर्ज कोणी काढीत नाहीं. पुढल्या खेपेस त्यांच्यासाठीं कागद लिहावयाचा झाला तर विशेषणें मी घरीं ठेवीन, आणि सोबत पावसाची वही, भावाचा तक्ता व पंचनाम्याची नक्कल घेऊन जाईन. तीं तीन कागदपत्रें माझ्या हातीं देणें हें आपल्या हातीं आहे. धान्य आपण दिलेंच आहे, तसेंच देत राहावें. त्यासोबत आपली वही उघडावी, आपल्या शेतांत दोरी पडूं द्यावी, आणि आपल्या उधारीला पावती जोडावी, एवढीच हात जोडून विनंति करून मी आपली रजा घेतों.